नकाशावर न सापडणाऱ्या ओळी

निवेदन देणे हा आपल्या सार्वजनिक जीवनातला सर्वांत आवडता कार्यक्रम आहे. दहा-बारा जण जमतात, लेटरहेडवर मागणी टाइप होते, साहेबांच्या हातात कागद देताना फोटो निघतो आणि संध्याकाळपर्यंत तो सगळ्या ग्रुपवर फिरतो. मागणी बहुतेक वेळा खरीच असते. 'आमच्या भागात सातवीनंतर उर्दू शाळा नाही, मुली घरी बसतात.' साहेब कागद वाचतात आणि विचारतात, 'तुमचा भाग म्हणजे नेमका कोणता? जवळची शाळा किती लांब आहे? आमच्या यादीत तर या तालुक्यात बऱ्याच उर्दू शाळा दिसतात.' इथे शिष्टमंडळ एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागते. कुणीतरी म्हणतो, 'साहेब, तुम्ही एकदा येऊन बघा.' साहेब येत नाहीत. कागद फाइलला लागतो.

साहेबांचा प्रश्न मला कधीच उद्धट वाटला नाही. तो योग्य प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर देण्याची तयारी आपण करत नाही, हे माझे दुखणे आहे. यादी त्यांच्याकडे आहे, यादी आपल्यालाही मिळू शकते. पण यादीतली प्रत्येक ओळ जमिनीवर कुठे आहे हे दाखवणारा नकाशा ना त्यांच्या टेबलावर असतो, ना आपल्या. तो आपण बनवू शकतो. त्यासाठी पैसे लागत नाहीत, इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. लागतो तो वेळ आणि चिकाटी. हे काम मशीनवर सोडून न देता हाताने, एकेक ओळ तपासत करावे आणि ते आपल्या मोहल्ल्यातल्या मुलामुलींनीच करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

यादी 'किती' सांगते, नकाशा 'कुठे'

आमच्या सात-आठ जणांच्या गटाने आमच्या तालुक्यातल्या उर्दू माध्यमाच्या शाळांची यादी नकाशावर नेली. गटात बी.एस्सी.ची मुले होती, डी.एड. झालेली एक बाजी होती, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसणारा एक मित्र होता. विषय शाळांचाच का निवडला? कारण शाळेच्या बाबतीत कायदा अंतराची भाषा बोलतो. बालकांच्या मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्यात पहिली ते आठवीचे शिक्षण येते. महाराष्ट्राने त्याचे नियम २०११ मध्ये केले. त्यानुसार पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. म्हणजे 'शाळा लांब आहे' ही तक्रार भावनेची राहत नाही, मोजपट्टीची होते. पण मोजपट्टी लावायची तर दोन टोके नक्की हवीत. एक टोक वस्ती, दुसरे टोक शाळा.

कागदावरची यादी ही टोके दाखवत नाही. समजा यादीत आठ शाळा आहेत. ऐकायला बरे वाटते. नकाशावर ठेवल्या की कळते, पाच शाळा जुन्या गावात एकमेकींना खेटून आहेत आणि रेल्वे रुळांच्या पलीकडे, जिथे गेल्या पंधरा-वीस वर्षांत लोकवस्ती वाढली, तिथे एकही नाही. त्यात आणखी एक रकाना भरा: शाळेचा शेवटचा वर्ग कोणता? कायदा आठवीपर्यंतचा असला तरी कित्येक शाळा चौथीला संपतात, कित्येक सातवीला. नकाशाला सांगा की शेवटच्या वर्गाप्रमाणे रंग दे. मग फक्त आठवीपर्यंतच्या शाळांचा रंग चालू ठेवा. भरगच्च दिसणारा तालुका क्षणात विरळ होतो. हे चित्र एकदा डोळ्यांसमोर आले की भाषण करायची गरज उरत नाही.

काम दिसते तेवढे सोपे नाही

सुरुवातीला काम अगदीच किरकोळ वाटते. गूगल माय मॅप्स उघडायचे, नवा नकाशा घ्यायचा, 'इम्पोर्ट' दाबायचे, एक्सेलची फाइल द्यायची. ते दोनच प्रश्न विचारते: जागा कोणत्या रकान्यावरून ठरवू? आणि प्रत्येक खुणेला नाव कोणत्या रकान्यातून देऊ? एका फाइलमध्ये दोन हजार ओळींपर्यंत आणि एका नकाशात दहा थरांपर्यंत मुभा आहे. तालुक्याच्या कामाला हे भरपूर झाले. ज्यांना पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर आहे. ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारे यूमॅपही आहे.

पण फाइल द्यायच्या आधीच खरी गंमत सुरू होते. सरकारी यादी अनेकदा पीडीएफमध्ये येते. त्यातला मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर कॉपी केल्यावर 'उर्दू प्राथमिक शाळा'च्या जागी वेडीवाकडी चिन्हे येतात. ती ओळन् ओळ पुन्हा टाइप करावी लागते. फाइल साठवताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा प्रकार निवडला नाही तर सगळी मराठी प्रश्नचिन्हे होऊन बसते. अक्षांश-रेखांशाच्या रकान्यात एक्सेल दोनच दशांश दाखवत असेल आणि तशीच सीएसव्ही केली, तर उरलेले अंक गेलेच म्हणून समजा. दुसऱ्या दशांश स्थळाची किंमत जमिनीवर एक किलोमीटरहून थोडी जास्त होते, पाचव्या स्थळाची साधारण एक मीटर. ज्या कायद्याची मोजपट्टीच एक किलोमीटरची आहे, तिथे दोन दशांशांवर काम करणे म्हणजे माप सुरू करण्याआधीच हरणे.

आणखी एक नेहमीची अडचण: अक्षांश आधी की रेखांश आधी? गूगल मॅप्सवरून आकडे घेतले तर अक्षांश आधी येतो. केएमएल किंवा जिओजेसन प्रकारच्या फाइलमध्ये रेखांश आधी लागतो. महाराष्ट्राचा अक्षांश साधारण साडेपंधरा ते बावीस अंशांच्या दरम्यान आणि रेखांश साडेबहात्तर ते एक्याऐंशीच्या दरम्यान. हे आकडे तोंडपाठ करा. कारण दोन रकाने आपापसांत बदलले गेले की ठाणे जिल्ह्यातली शाळा नॉर्वेच्या उत्तरेला थंडगार समुद्रात जाऊन पडते. आणि दोन्ही रकान्यांत शून्य पडला असेल तर ती आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात सापडते. तिथे बेट नाही, पण जगभरच्या अशा हरवलेल्या नोंदी तिथेच गोळा होतात म्हणून नकाशावाल्यांनी त्या जागेला 'नल आयलंड' असे नाव दिले आहे.

यातले काहीही अवघड नाही. पण ज्याने हे हाताने केले नाही त्याला नकाशा बघताना काय तपासायचे हेच कळत नाही. माझ्या मते या कामाचा पहिला फायदा हाच आहे. उद्या कुणी आपल्यासमोर रंगीत नकाशा ठेवून 'सगळीकडे सोय आहे' म्हणाला, तर त्या खुणा कुठून आल्या हे विचारण्याची नजर आपल्याला येते.

'इतक्या ओळी दाखवता आल्या नाहीत'

फाइल दिल्यावर माय मॅप्स काही खुणा उमटवते आणि अनेकदा एक छोटी सूचनाही दाखवते: इतक्या ओळी नकाशावर दाखवता आल्या नाहीत. बहुतेक जण ती सूचना बंद करतात. शंभरातल्या सत्तर-ऐंशी तर आल्या ना, पुरे झाले! माझे म्हणणे आहे की काम तिथूनच सुरू होते.

त्या न सापडलेल्या ओळी कुणाच्या असतात? बघा एकदा उघडून. 'स्टेशन रोड', 'शिवाजी चौक', 'कॉलेज रोड' असा पत्ता असलेल्या ओळी सापडतात. न सापडणारे पत्ते असे असतात: 'कब्रस्तानच्या मागे', 'ईदगाह मैदानाजवळ', 'नया मोहल्ला, गल्ली नं. ३', 'बडी मशिदीसमोर', 'पॉवरलूमच्या शेडजवळ'. पत्ता खोटा नाही. पोस्टमन रोज तिथे जातो. पण संगणकाला ज्या पत्त्यांची सवय आहे त्यांत तो बसत नाही, कारण त्या गल्लीला नकाशावर कुणी नावच दिलेले नाही. हे फक्त मुस्लिम मोहल्ल्यांचे नाही. भीमनगर, वडारवाडी, पारधी वस्ती, गायरानावरची घरे, सगळ्यांचे असेच होते. जी वस्ती नियोजनातून सुटली, तीच पत्त्यातून सुटते आणि तीच नकाशातूनही सुटते. सॉफ्टवेअर इथे कुणावर राग धरत नाही. त्याला जे शिकवले नाही ते त्याला येत नाही, एवढेच. पण परिणाम तोच होतो. सर्वांत गरजू ओळी बाहेर आणि नकाशा मात्र पूर्ण झाल्यासारखा दिसतो.

नावांचा घोळ वेगळाच. सांगली जिल्ह्यातल्या एका शहराचे नाव २०२५ पर्यंत इस्लामपूर होते, तसे इस्लामपूर पश्चिम बंगालमध्येही आहे. औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे. आपल्याकडच्या औरंगाबादचे अधिकृत नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले, उस्मानाबादचे धाराशिव झाले. जुन्या याद्यांत जुनी नावे, नव्या याद्यांत नवी. नामांतराबद्दल कुणाचे काय मत असेल ते असो, यादी जुळवताना दोन्ही नावे माहीत असणारा माणूसच लागतो. म्हणून शाळांच्या कामात नावावर भिस्त न ठेवता यू-डायस कोड धरावा. तो अकरा अंकी असतो, महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ ने सुरू होतो आणि 'उर्दू शाळा क्र. १' नावाच्या दोन शाळांना वेगळे ठेवतो. त्या रकान्याला एक्सेलमध्ये आधीच 'टेक्स्ट' करून ठेवा, म्हणजे संख्या समजून त्याची मोडतोड होणार नाही.

गप्प बसलेली चूक

न सापडलेली ओळ निदान ओरडून सांगते. त्याहून धोकादायक आहे चुकीच्या जागी सापडलेली ओळ. पत्त्यातला मोहल्ला कळला नाही की संगणक कित्येकदा फक्त गावाचे नाव धरतो आणि खूण गावाच्या मध्यावर टोचून मोकळा होतो. सूचना नाही, तक्रार नाही. अशा पाच-सहा शाळा एकमेकींवर बसल्या की वरून एकच खूण दिसते. रुळांपलीकडची शाळा बाजारपेठेत दिसते आणि बाजारपेठेजवळच्या घरांना 'सहा शाळा उपलब्ध' असे उत्तर मिळते. नकाशा खोटे बोलतो, तेही मोठ्या आत्मविश्वासाने.

याला इलाज एकच. प्रत्येक खुणेवर जा. उपग्रह चित्र चालू करा. शाळेचे मैदान, पत्र्याची शेड, पाण्याची टाकी दिसते का बघा. दिसत नसेल तर कुणाला तरी पाठवा. मोबाइलमध्ये त्या फाटकासमोर उभे राहून नकाशावर बोट दाबून धरले की अक्षांश-रेखांश मिळतात, ते कॉपी करून तक्त्यात घाला. आमच्या तक्त्यात आम्ही शेवटी दोन रकाने जोडले: 'कुणी तपासले' आणि 'कोणत्या तारखेला'. नावाऐवजी आद्याक्षरे पुरतात. या दोन रकान्यांनी सगळा कारभार बदलतो. ऐकीव आणि पाहिलेले यांतला फरक कागदावर येतो. ओळीच्या मागे एक माणूस उभा राहतो.

अंतर मोजतानाही असाच डोळसपणा हवा. क्यूजीआयएसमध्ये शाळेभोवती वर्तुळ काढायचे तर नकाशा अंशांच्या मापात ठेवून चालत नाही. तिथे 'तीन' लिहिले तर तीन किलोमीटर नाही, तीन अंशांचे वर्तुळ निघते आणि अर्धा महाराष्ट्र त्यात येतो. आधी मीटरचे माप असलेल्या पद्धतीत जावे लागते. ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेला यूटीएम विभाग ४३ आणि पूर्वेला विभाग ४४. मुंबई, मालेगाव, अकोला ४३ मध्ये येतात, नागपूर ४४ मध्ये.

वर्तुळ बरोबर आले तरी थांबू नका. वर्तुळ पक्ष्याचे अंतर सांगते आणि आपल्या मुली पक्षी नाहीत. मध्ये रेल्वेचे रूळ असतील, पावसाळ्यात भरून वाहणारा नाला असेल, ट्रकांचा हायवे असेल, तर वर्तुळात 'दोन किलोमीटर' दिसणारी शाळा पायी तीनच्या पलीकडे जाते. घरातली अम्मी मुलीला हायवे ओलांडून पाठवत नाही, हे कुठल्याही सॉफ्टवेअरला माहीत नसते. तुम्हाला माहीत आहे. म्हणून तर नकाशा तुम्ही करायला हवा.

'एवढा वेळ कुणाला आहे?'

दोन आक्षेप मला नेहमी ऐकू येतात. पहिला असा की हे सगळे आता कृत्रिम बुद्धिमत्ता करून देईल, हाताने ओळी कसल्या भरता? जरूर मदत घ्या. पीडीएफमधली यादी तक्त्यात आणायला, नावांची स्पेलिंग एकसारखी करायला, दुबार नोंदी शोधायला तिचा उपयोग आहे. पण 'कब्रस्तानच्या मागे' म्हणजे कोणत्या कब्रस्तानच्या, जुन्या की नव्या, हे तिला कोण सांगणार? तिने अंदाजाने जागा ठरवली तर तो अंदाज आहे हे तुम्हाला कसे कळणार? जिथे माहितीच नाही तिथे वेग वाढवून माहिती तयार होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: 'हे सरकारचे काम आहे, आपण का करायचे?' बरोबर आहे, काम सरकारचेच आहे आणि ते त्याने करावे म्हणून आग्रह धरलाच पाहिजे. सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये अहवाल दिला, तेव्हाच विविध समाजघटकांची आकडेवारी एकत्र ठेवणारी राष्ट्रीय माहिती बँक उभारण्याची शिफारस केली होती. तो अहवाल आपण भाषणांत खूप वापरतो. पण त्याची खरी शिकवण काय होती? 'मुसलमानांचे लाड होतात' आणि 'मुसलमानांवर अन्याय होतो' या दोन्ही घोषणांच्या पलीकडे जाऊन त्याने तक्ते मांडले. तक्त्याशी वाद घालायला दुसरा तक्ता लागतो. आपल्या तालुक्याचा तक्ता आपल्याकडे नसेल तर आपण पुन्हा घोषणांवरच येतो.

आणि अडथळे होते तेही कमी झाले आहेत. माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे, यादी मागितली तर साधारणपणे तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशांबाबत नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. काही संवेदनशील बाबी सोडल्या तर भारतीय नागरिकांना आणि संस्थांना नकाशे बनवायला पूर्वपरवानगीची गरज राहिलेली नाही. 'नकाशा काढला तर काही भानगड तर होणार नाही ना' या भीतीने मागे राहण्याचे कारण नाही.

तक्ता कुणाच्या हातात आहे?

हे कारकुनी काम वाटत असेल तर दोन नावे सांगतो. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी होऊन गेला. त्याच्या नावावरून 'अल्गोरिदम' हा शब्द आला हे तुम्ही शाळेत ऐकले असेल. त्याचा 'किताब सूरत अल-अर्द' हा ग्रंथ म्हणजे मुख्यतः एक तक्ता आहे: २,४०२ ठिकाणांचे अक्षांश आणि रेखांश. टॉलेमीच्या जुन्या आकड्यांना आधार मानून त्याने त्यांत दुरुस्त्या केल्या. त्याचा जगाचा नकाशा आज आपल्याकडे नाही, पण विसाव्या शतकातल्या अभ्यासकांना तक्त्यातल्या आकड्यांवरून तो पुन्हा रेखाटता आला. यातला धडा अभिमानाने छाती फुगवण्याचा नाही, व्यवहाराचा आहे. नकाशा दाखवणारी कंपनी उद्या सेवा बंद करील, पासवर्ड हरवेल, रंग उडतील. तक्ता नीट ठेवला असेल तर नकाशा पुन्हा काढता येतो. म्हणून मूळ सीएसव्ही तीन ठिकाणी ठेवा.

दुसरे नाव डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस. अमेरिकेतला हा कृष्णवर्णीय अभ्यासक १८९६-९७ मध्ये फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात दारोदार फिरला. सुमारे अडीच हजार घरांत तो स्वतः गेला, प्रश्नावली भरल्या आणि घराघराची स्थिती रंगांनी दाखवणारा नकाशा केला. १८९९ मध्ये त्याचे पुस्तक आले. शहरातले प्रतिष्ठित लोक तेव्हा कृष्णवर्णीयांच्या गरिबीचे कारण त्यांच्या वंशात शोधत होते. दु बॉइसने ते घरभाडे, रोजगार आणि भेदभावात दाखवले.

पण याच तंत्राची दुसरी बाजू विसरू नका. मे १९४१ मध्ये नाझींच्या ताब्यातल्या अॅमस्टरडॅममध्ये पालिकेच्या सांख्यिकी विभागाने एक नकाशा काढला. शहरात ज्यू कुठे राहतात हे दाखवणारा. एक ठिपका म्हणजे दहा ज्यू. काम नीटनेटके होते, आकडे अचूक होते. पुढच्या काही वर्षांत त्या शहरातल्या बहुसंख्य ज्यूंना छळछावण्यांकडे नेण्यात आले.

म्हणून आमच्या गटाने पहिल्याच दिवशी एक नियम केला, तो मी प्रत्येक गटाला सांगतो. नकाशावर सोयी न्या, माणसे नेऊ नका. शाळा, रेशन दुकान, दवाखाना, नळकोंडाळे, अंगणवाडी, बस थांबा, हे सार्वजनिक आहे, ते बिनधास्त दाखवा. शाळा सोडलेल्या मुलींची नावे, घरांचे ठिकाण, कुटुंबाचा धर्म, फोन नंबर, यांपैकी काहीही इंटरनेटवरच्या नकाशात जाता कामा नये. माहिती गोळा करावीच लागली तर ती वेगळ्या फाइलमध्ये, मोजक्या लोकांकडे ठेवा आणि नकाशावर फक्त मोहल्ल्याची बेरीज दाखवा. बेरीज इतकी छोटी असेल की घर ओळखू येईल, तर तीही दाखवू नका. 'लिंक असलेल्या कुणालाही दिसेल' हे बटण दाबण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: ही लिंक आपल्या सर्वांत वाईट चिंतणाऱ्या माणसाच्या हातात पडली तर?

मग काय मिळाले?

प्रामाणिकपणे सांगायचे तर आमच्या नकाशाने शाळा उभी राहिली नाही. आम्ही तो छापून नेला, तेव्हा कार्यालयात नेहमीसारखाच प्रश्न आला: नेमके कुठे? या वेळी आम्ही बोट ठेवले. ही वस्ती, ही जवळची शाळा, ती सातवीला संपते, पुढची शाळा रुळांपलीकडे, पायी एवढे अंतर, अमुक तारखेला चालून मोजले. साहेबांनी दोन ओळींबद्दल शंका काढली. आम्ही तक्ता उघडून दाखवला. मग त्यांनी फाइल मागून घेतली. सातवीपर्यंतच्या त्या शाळेला आठवीचा वर्ग जोडण्याचा प्रस्ताव मागवला गेला आहे. मंजूर होईल की नाही ठाऊक नाही. पण 'तुमचा भाग म्हणजे कोणता' हा प्रश्न पुन्हा कुणी विचारलेला नाही.

आणखी एक गोष्ट झाली, जिचा मी हिशेब केला नव्हता. खुणा तपासायला फिरताना गटातल्या मुलांना कळले की रुळांपलीकडे आपल्या मोहल्ल्याला लागून असलेल्या दलित वस्तीतल्या मुलांचीही तीच अडचण आहे, फक्त माध्यम मराठी. आता त्यांच्यातल्या दोघांनी त्यांच्या शाळांचा थर जोडायला घेतला आहे. एका नकाशात दहा थर मावतात, म्हटले ना!

मित्रांनो, मैत्रिणींनो, यासाठी मोठी संघटना लागत नाही. चार जण, एक लॅपटॉप आणि रविवारचे काही तास पुरतात. एकच विषय घ्या, एकच तालुका घ्या. यादी मागा, तक्ता स्वच्छ करा, नकाशावर न्या. न सापडलेल्या ओळींची वेगळी यादी काढा आणि ती आपसांत वाटून घेऊन एकेका जागी जाऊन या. ज्या गल्लीला नाव नाही तिला ओपनस्ट्रीटमॅपवर नाव द्या. तिथे एकाच रस्त्याची मराठी, उर्दू आणि इंग्रजी नावे शेजारी शेजारी लिहिता येतात. पुढच्या वेळी कुणी यादी नकाशावर नेईल तेव्हा त्या गल्लीची ओळ हरवण्याची शक्यता कमी झालेली असेल.

निवेदनाचा फोटोही जरूर काढा. फक्त त्या फोटोत साहेबांच्या हातात नकाशा असू द्या.